आचार्यमुष्टी आणि वस्तादाची तालीम

आषाढी पौर्णिमेला या देशात दोन स्मरणे होतात. एक व्यासाचे, म्हणून तिला व्यासपौर्णिमा किंवा गुरुपौर्णिमा म्हणतात. दुसरे सारनाथचे. पाच परिव्राजकांना पहिला उपदेश करून तथागतांनी धम्मचक्र फिरवले ते याच पौर्णिमेला, असे बौद्ध परंपरा मानते. तिथी एक, पण गुरूविषयीच्या कल्पना दोन. या दिवशी आखाड्यांत, व्यायामशाळांत, योगवर्गांत गुरूंना हार घातले जातात. त्या हाराला विरोध करण्याचे कारण नाही. विद्या देणाऱ्याविषयी कृतज्ञ असणे हा माणुसकीचाच भाग आहे. प्रश्न वेगळा आहे. शरीराची आणि शस्त्राची विद्या देणाऱ्यांपैकी कोणाला गुरू म्हणायचे आणि कोणाला नाही, हे इथे कोणत्या मापाने ठरते?

प्रथम सरकारी माप पाहू. खेळाडूंसाठी १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि प्रशिक्षकांसाठी १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार. पहिल्याच वर्षी तो कुस्तीचे भालचंद्र भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाला घडवणारे ओ. एम. नंबियार यांना मिळाला. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही. वाद आहे तो नावाविषयी. अर्जुन आणि द्रोण ही दोन नावे शेजारी ठेवली की मधल्या जागेत एकलव्य उभा राहतो, आणि त्या जागेकडे पाहण्याची या व्यवस्थेला गरजच वाटत नाही. महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. निषादाचा मुलगा म्हणून ज्याला शिष्यत्व नाकारले, त्याच मुलाकडून पुढे गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला. शिकवण्याआधी जात पाहणारा आणि न शिकवलेल्या विद्येची किंमत वसूल करणारा हा आचार्य एका स्वतंत्र, संविधान मानणाऱ्या राष्ट्राला आदर्श शिक्षकाचे नाव म्हणून सुचला, याला योगायोग कसे म्हणावे? एका गावातली मुलगी घडवणाऱ्या नंबियारांच्या गळ्यातही शेवटी द्रोणाचेच नाव पडले!

पाली वाङ्मयात याच वृत्तीला एक नेमका शब्द आहे, 'आचरियमुट्ठि', म्हणजे आचार्यमुष्टी. आपल्या विद्येतले काही मुठीत दाबून ठेवणारा, निवडक शिष्यापुरतीच मूठ उघडणारा आचार्य असा त्याचा अर्थ. महापरिनिब्बान सुत्तात वृद्ध, आजारी तथागत आनंदाला सांगतात की माझ्यापाशी अशी बंद मूठ नाही. याच तथागतांनी ध्यानयोगाचे शिक्षण आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे घेतले होते. तिथे समाधान झाले नाही तेव्हा ते तिथून निघाले. पण संबोधीनंतर धम्म प्रथम कोणाला सांगावा असा विचार आला, तेव्हा त्यांना याच दोघांची आठवण झाली. दोघेही तोवर वारले होते. गुरूला सोडूनही गुरूचा मान राखता येतो आणि त्यासाठी अंगठा कापून द्यावा लागत नाही, हे सांगणारी परंपराही याच मातीत आहे. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे तीन गुरू मानले. त्यांनीही या तिघांपैकी एकालाही पाहिले नव्हते. पण या गुरूंनी दक्षिणा मागितली नाही, उलट हातात लेखणी दिली.

आता पुण्याकडे येऊ. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात ती पेशवाईतल्या तालीमखान्याविषयी लिहिते. त्या तालीमखान्यापुढून मांग वा महार गेला, तर त्याच्या मस्तकाचा चेंडू करून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीने खेळ होत असे. ज्या शहरात तालमीपुढून जाणे हा अस्पृश्याला देहदंडाचा गुन्हा होता, त्याच शहरात लहुजी राघोजी साळवे या मांगाने पुढे स्वतःची तालीम चालवली. दांडपट्टा, तलवार, नेमबाजी, कुस्ती ही विद्या त्यांनी मागेल त्याला दिली. जोतीराव तिथे शिकले आणि 'गुलामगिरी'त (१८७३) लहुजींचे नाव घेऊन त्यांनी ते नमूद केले. एका माळ्याने एका मांगाला आपला शिक्षक म्हणून छापील ग्रंथात मान देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. गुरूच्या सन्मानाचा याहून मोठा समारंभ एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात झालेला मला तरी दिसत नाही. लहुजींचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा मांग-महारांची मुले गोळा करून त्यांना शाळेत पाठवण्यासाठी हा वस्ताद वस्तीवस्तीत फिरला. पट्टा शिकवणाऱ्याने पाटीचे महत्त्व ओळखले.

पण मराठीने या मोठेपणाचे काय केले? 'उस्ताद'वरून आलेला 'वस्ताद' हा तालमीतला आदराचा शब्द. आज घराघरात तो बिलंदर, चलाख माणसासाठी वापरला जातो. 'गुरू'ला मात्र पौर्णिमा मिळाली. शब्दांनाही इथे वर्ण असतो.

लहुजींवर जे लिहिले जाते त्याकडेही कठोरपणे पाहिले पाहिजे. चरित्रे, पोवाडे, जयंतीची भाषणे यांचा एक साचा झाला आहे. 'आद्य क्रांतिगुरू' हे बिरुद आणि लगेच शिष्यांची यादी: वासुदेव बळवंत फडके, टिळक आणि इतर नामवंत. जणू ब्राह्मण शिष्यांनी शिक्कामोर्तब केल्याखेरीज मांग वस्तादाचे गुरुपण सिद्ध होत नाही! फडक्यांच्या १८७९ च्या बंडात रामोशी मोठ्या संख्येने होते, दौलतराव नाईक त्यांच्या आघाडीवर होता. ती माणसे लढणे कुठे शिकली, हा प्रश्न या चरित्रांना पडत नाही. लहुजींच्या हाताखाली घाम गाळलेली मांग, महार, रामोशी मुले या लेखनात नावाविना, चेहऱ्याविना आहेत. आपल्या लेखकांनीही हा साचा मोडलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. द्रोणाच्या जागी लहुजींना बसवून सिंहासन तेच ठेवायचे असेल, तर आपण काय बदलले?

हाच भेद कसरतीच्या आणि योगाच्या विद्येतही दिसतो. मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण बांबूवर आणि दोरीवर तोल सांभाळणारी डोंबाऱ्याची पोर जी विद्या आईबापाकडून शिकते, तिचे काय? १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, खेळ करून पैसे मागणे भिकेच्या व्याख्येत घातले. पैसे चौकात मागितले की शरीराची साधना गुन्ह्याच्या वाटेला लागते.

योगाचे तसेच. पंधराव्या शतकातली 'हठप्रदीपिका' आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष अशा सिद्धांच्या नावांनी सुरू होते. २०१५ पासून २१ जूनला या परंपरेचा जगभर गौरव होतो. २०१८ साली तो गौरव होऊन दहाच दिवस झाले होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते पाच जण आसने शिकवत होते असे मी म्हणत नाही. पण ज्या नाथांची नावे व्यासपीठावरून आदराने घेतली जातात, त्याच नाथांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या दारोदार नेणाऱ्यांना ओळख विचारण्याआधी दगड मिळतो. विद्या पूज्य आणि वाहक संशयित, अशी ही विभागणी आहे.

म्हणून माप बदलले पाहिजे. त्याचे किती शिष्य पदके आणतात, त्याची परंपरा किती प्राचीन, त्याच्या पाया पडायला कोण आले, या प्रश्नांनी शिक्षकाची उंची कळत नाही. त्याने दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी लावले, हे आधी विचारा. या मापाने द्रोण उतरतो आणि लहुजी चढतात. द्रोणाचार्य पुरस्काराचे नाव बदलण्याची मागणी आपण केलीच पाहिजे. पण तेवढ्याने भागणार नाही. लहुजींच्या जयंतीला, १४ नोव्हेंबरला, पुतळ्याला हार घालण्याआधी आपल्या वस्तीतली तालीम कुलूपबंद आहे की उघडी, तिथे मुलीला प्रवेश आहे की नाही, आणि तिथून बाहेर पडणारे मूल शाळेत जाते की नाही, हे पाहावे लागेल. वस्तादाने मूठ उघडी ठेवली होती. ती आपल्या हातून मिटू नये.