लोहाराचा मुलगा

ऐतिहासिक कथेचा खरेपणा कशावरून पारखावा? नायकाच्या अंगावरील चिलखत त्या काळचें आहे कीं नाहीं, एवढें पाहून परीक्षकानें समाधान मानावें काय? प्राग येथील ‘वॉरहॉर्स स्टुडिओज’ या संस्थेनें रचलेला ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा संगणकावरील खेळ पाहिल्यावर हा प्रश्न पुन्हां विचारावासा वाटतो.

या खेळाच्या जन्माची हकीकत आपल्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. आधीं वर्गणीदार मिळवून मग ग्रंथ छापावयाचा, ही रीत मराठींत जुनी आहे. डॅनियल वाव्रा व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं तोच मार्ग धरला. तीन लक्ष पौंडांची मागणी केली असतां पस्तीस हजारांवर लोकांनीं अकरा लक्षांहून अधिक पौंड दिले. कर्त्यांचें वचन असें कीं, यांत राक्षस नाहींत, जादू नाहीं, इ. स. १४०३ मधील बोहेमिया जसा होता तसा दाखवूं. खेळ लोकांच्या हातीं पडावयास मात्र फेब्रुवारी २०१८ उजाडला.

वचन बव्हंशीं पाळलें गेलें आहे. सिगिस्मंड राजाच्या सैन्यानें स्कालित्झ गांव जाळलें. त्यांत आईबाप गमावलेला हेन्री हा लोहारपुत्र येथें नायक आहे. त्याला भूक लागते, झोप येते; जवळचें अन्न नासतें; कपडे मळले कीं मोठीं माणसें त्याच्याशीं नीट बोलत नाहींत. तरवार चालवितां येत नसल्यामुळें प्रारंभीं तो साध्या दांडगटाचाहि मार खातो. सर्वांत उत्तम योजना अक्षरओळखीची. हेन्री निरक्षर, म्हणून पुस्तक उघडलें तरी खेळणारासहि अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. लेखनिकापाशीं बसून शिकावें, तेव्हां हळूहळू शब्द जुळूं लागतात. आपण सुशिक्षित लोक तेवढ्यापुरते निरक्षर होतों. शंभर चिलखतांनीं जें साधलें नसतें, तें या एका युक्तीनें साधलें आहे.

पण पुढें कर्त्यांचा धीर सुटला. हेन्री हा त्या लोहाराचा मुलगा नव्हेच, तो राडझिग कोबिला या सरदाराचा अनौरस पुत्र, असें रहस्य उघड होतें! जन्मरहस्य आपल्यालाहि नवें नाहीं. परंतु तें कळल्यावरहि कर्ण राधेयच राहिला, यांत त्याची थोरवी आहे. येथें उलट घडतें. मागें वळून पाहतां सरदारानें हेन्रीस केलेली प्रत्येक क्षमा, दिलेली प्रत्येक संधि रक्ताच्या नात्यानें मिळालीसें वाटूं लागतें. जादू वगळली, पण कुलीन रक्ताची जादू राहिलीच.

हा मोह परक्यांनाच होतो असें नाहीं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेनें २०१७ सालीं ‘राजी’ या खेळासाठीं अशीच जाहीर वर्गणी मागितली. ती पुरी झाली नाहीं. तरीहि २०२० मध्यें त्यांनीं खेळ पूर्ण करून दाखविला, ही जिद्द अभिनंदनीय आहे. राजी ही कसरती करणारी साधी मुलगी. पण तिलाहि देवतांनीं निवडावें लागतें, शस्त्र द्यावें लागतें. ती कथा पौराणिक असल्यामुळें तिला आपण दोष देणार नाहीं. मात्र वास्तवाचें वचन देऊन ज्यानें वर्गणी घेतली, त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याच १४०३ सालीं आपलें वऱ्हाड बहामनी सुलतान फिरोजशहाच्या अंमलाखालीं होतें, आणि दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवणहि लोकपरंपरा त्याच सुमाराची सांगते. वाशीम जिल्ह्यांतील केनवडच्या बाजूला त्या काळीं एखादा लोहार भाता ओढीत, फाळ ठोकीत बसला असेल. त्याचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं. त्याची कथा उद्यां कोणी मराठी तरुणांनीं रचावयास घेतली, तर आपण वर्गणी अवश्य द्यावी. अट एवढीच, कीं त्याला शेवटपर्यंत लोहारच राहूं द्यावें.