हॅरल्ड झर्चर शिरूर डेपोत असता तर? एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने परवा विचारलं, "दादा, पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं? छापून आलाय, हजारो लोकांनी संदर्भ दिलाय, मग आपण कोण चूक काढणारे?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी मलाही हेच वाटायचं. म्हणून आज एक गाजलेला पेपर घेऊ आणि तो आपल्या शिरूर-दौंडच्या एसटीला लावून बघू. कुठे बसतो, कुठे बसत नाही आणि का, एवढंच शोधायचं. चूक काढणं हा हेतू नाही.

पेपर आहे जॉन रस्ट यांचा, १९८७ साली 'इकॉनॉमेट्रिका'त आलेला. अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या बससेवेत हॅरल्ड झर्चर नावाचे देखभाल विभागाचे प्रमुख होते. कुठल्या बसचं इंजिन कधी बदलायचं, हा निर्णय त्यांचा. रस्ट यांनी डिसेंबर १९७४ ते मे १९८५ या काळातली १६२ बसगाड्यांची दर महिन्याची नोंद घेतली: मीटरवर किती अंतर झालं आणि इंजिन बदललं की नाही. त्यावरून उलटा प्रश्न विचारला. झर्चर शहाणपणाने वागतात असं धरलं, तर त्यांच्या मनात देखभालीचा खर्च आणि नव्या इंजिनाचा खर्च यांचं गणित काय असेल?

मॉडेल साधं आहे. दर महिन्याला दोनच पर्याय: आहे ते चालवा, नाहीतर बदला. चालवलं तर मीटर वाढतो आणि देखभाल महागते. बदललं तर एकदम मोठा खर्च होतो, पण मीटर पुन्हा शून्यावर. झर्चर यांना दिसणाऱ्या पण संशोधकाला न दिसणाऱ्या गोष्टीही असतात, इंजिनाचा आवाज वगैरे. त्यांच्यासाठी मॉडेलमध्ये एक यादृच्छिक पद आहे. निर्णयांच्या नोंदीवरून माणसाच्या डोक्यातलं गणित काढण्याची ही पद्धत पुढे खूप ठिकाणी वापरली गेली. १९९४ मध्ये मार्क केनेट यांनी ती विमानांच्या इंजिनांना लावली. अमेरिकेत विमानसेवेवरचं सरकारी नियंत्रण उठल्यावर कंपन्यांचं देखभालीचं वागणं बदललं का, हा त्यांचा प्रश्न होता.

म्हणजे विमान कंपनी असो की एसटी, प्रश्न एकच: जुनं झालेलं यंत्र कधी बदलायचं. मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात हेच मॉडेल एसटीला जसंच्या तसं लावलं होतं. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "झर्चरच्या खिशात पैसे होते का?" मी गप्प. तिथून ही चिकित्सा सुरू झाली.

आधी आपली बाजू बघू

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला 'शिवाई' ही विजेवरची गाडी सुरू झाली. दोन्हींच्या वाटेत शिरूर. या ७४ वर्षांमध्ये मधल्या काळातल्या गाड्या मात्र जुन्या होत गेल्या. करोनाआधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या, त्या पुढे बऱ्याच कमी झाल्या. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी आर्थिक श्वेतपत्रिका काढली, त्यात संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवला आहे. शिवाय १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं, आणि त्यात राज्य परिवहनच्या गाड्याही येतात. म्हणजे पैसे नाहीत आणि 'अजून थोडं चालवू' म्हणायलाही शेवटची तारीख आहे.

आता पेपरची तीन गृहीतकं घेऊ.

पहिलं: प्रत्येक बसचा निर्णय स्वतंत्र आहे

रस्ट यांच्या मॉडेलमध्ये एका बसचं इंजिन बदललं म्हणून दुसऱ्या बसवर काही परिणाम होत नाही. मॅडिसनमध्ये, तेही इंजिनापुरतं, हे पटण्यासारखं आहे. इंजिन एकेक करून, चालू खर्चातून बदलता येतं. पूर्ण बस तशी येत नाही. ती भांडवली खर्चातून, निविदा काढून, हजारोंनी येते. २०२४ मध्ये अशोक लेलँडला २,१०४ तयार गाड्यांची ऑर्डर मिळाली, ९८१.४५ कोटींची. भागाकार केला तर एक गाडी साधारण ४६ लाख ६५ हजारांना पडते. इथे एक डेपो 'हो' म्हणाला की दुसऱ्याला 'नाही' म्हणावं लागतं. निर्णय एकमेकांत अडकलेले आहेत.

एक हिशेब करून बघा. आकडे मी मानलेले आहेत. एका डेपोत दोन जुन्या गाड्या आहेत आणि पैसे एकाच नव्या गाडीचे. 'अ' गाडी १४ वर्षांची, खेड्यांच्या फेऱ्या, रोज १५० किमी. 'ब' गाडी ११ वर्षांची, लांब पल्ल्याची, रोज ४०० किमी. जुनी गाडी लिटरला ४ किमी देते, नवी ५. 'सगळ्यात जुनी आधी' म्हणून नवी गाडी खेड्याच्या फेरीला लावली तर रोज साडेसात लिटर डिझेल वाचतं. नवी लांब पल्ल्याला लावली, 'ब' खेड्याकडे वळवली आणि 'अ' भंगारात काढली, तर २० लिटर वाचतं. गणित स्पष्ट आहे: नवी गाडी हमरस्त्याला, जुनी खेड्याला. अमेरिकेतली अलिजायंट ही विमान कंपनी असंच करायची. जुनी एमडी-८० विमानं स्वस्तात घ्यायची आणि दिवसाला कमी तास उडवायची. शेवटची एमडी-८० तिने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढली.

मग चूक कुठे? या हिशेबात डिझेल आहे, माणसं नाहीत. त्यावर पुढे येतो.

दुसरं: मीटर म्हणजे झीज

मॉडेलला बसची अवस्था फक्त मीटरवरून कळते. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन आला आणि गाड्या उभ्या राहिल्या. पुढे ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. या काळात बहुतेक गाड्या डेपोत उभ्याच. मीटर तिथेच, पण बॅटरी उतरते, टायर आणि रबरी भाग कडक होतात, गंज चढतो. मॉडेलच्या नजरेत मात्र ती गाडी जशीच्या तशी. उलट वय वाढतंय, आणि नोंदणीचा नियम वय बघतो, मीटर बघत नाही. एसटीसाठी अवस्था सांगायला किमान दोन आकडे लागतील, वय आणि अंतर. हा दोष रस्ट यांचा नाही. मॅडिसनच्या बसगाड्या नियमित धावत होत्या, त्यांना एक आकडा पुरला. आपण डोळे झाकून उचलला तर दोष आपला.

तिसरं: जो निर्णय झाला तो मनासारखा झाला

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. मॉडेल म्हणतं, माणूस इंजिन बदलत नसेल तर त्याच्या हिशेबात अजून बदलणं परवडत नाही. म्हणजे एक तर नवं इंजिन फार महाग, नाहीतर जुनं चालवणं स्वस्त. आता पैसेच नसलेल्या संस्थेची नोंद या मॉडेलला द्या. गाड्या १४ वर्षं चालवलेल्या दिसतील. मॉडेल निमूटपणे निष्कर्ष काढेल: 'जुनी गाडी चालवणं फारसं महाग नाही, उशीर करणंच शहाणपणाचं.' नाइलाजाला मॉडेल काटकसर ठरवतं.

यावर एक बचाव आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. कोणी म्हणेल, पैशाची टंचाई हीसुद्धा किंमतच आहे. रोख कमी असेल तर नव्या गाडीचा एक रुपया मनात दीड रुपयासारखा वाटतो. मॉडेलने बदलाचा खर्च जास्त दाखवला तर तो या टंचाईसकटचा खर्च आहे, वर्णन म्हणून बरोबरच. हे मला अर्धं मान्य आहे. टंचाई वर्षानुवर्षं सारखी असती तर चाललं असतं. पण ती सारखी नव्हती. संपात उत्पन्न जवळपास थांबलं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट मिळालं, त्याने प्रवासी वाढले. पण त्या सवलतींचे पैसे तिकीट खिडकीवर येत नाहीत, सरकारकडून येतात. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. दर दोन वर्षांनी रुपयाचं वजन बदलत असेल, तर सगळ्या वर्षांसाठी एकच स्थिर आकडा काढून काय सांगणार?

याच पेपरमधली आणखी एक जागा तपासा. उद्याच्या खर्चाला आज किती वजन द्यायचं, हा आकडा रस्ट यांना नोंदीवरून नीट काढता आला नाही. त्यांनी तो ०.९९९९ असा धरून घेतला आणि तुलनेसाठी शून्य धरून पाहिला. रोख नसलेला माणूस शून्यवाल्यासारखा वागताना दिसतो. तो अदूरदर्शी आहे की अडचणीत आहे, हे मीटरच्या नोंदीतून कळणार नाही. त्यासाठी महामंडळाचं रोखीचं खातं बघावं लागेल.

मग गाड्या भाड्याने घ्याव्यात?

रोख नाही तर भाडं द्या, हा विमान कंपन्यांचा मार्ग. एसटीनेही तो धरला. ५,१५० विजेवरच्या गाड्यांचा करार असाच होता: गाड्या कंपनीच्या, पैसे किलोमीटरमागे. सुरुवातीला भांडवल लागत नाही हे खरं. पण गाड्या वेळेवर आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी करार रद्द करण्याचे आदेश दिल्याचं जाहीर केलं. मॉडेलमध्ये 'बदल' म्हटलं की त्याच महिन्यात बदल होतो. इथे ठरवणं आणि गाडी दारात येणं यात वर्षं जातात, आणि तेवढा काळ जुनीच गाडी ओढावी लागते. ही वाट बघण्याची किंमत मॉडेलमध्ये घालायलाच हवी.

एकदम खरेदीचंही तसंच. समजा ताफा १५ हजारांचा आणि गाडीचं आयुष्य १२ वर्षं. मग दरवर्षी १,२५० गाड्या घेतल्या की ताफा तरुण राहतो. वरच्या भावाने वर्षाला साधारण ५८३ कोटी. काही वर्षं काहीच न घेता नंतर वर्षाला पाच-पाच हजार घेतल्या, तर बारा वर्षांनी त्या सगळ्या एकदमच म्हाताऱ्या होणार आणि हाच लेख कुणीतरी पुन्हा लिहिणार.

आणि माणसं

आता राहिलेला हिशेब. दौंड रेल्वेचं जंक्शन आहे. दौंड शहरातून पुण्याला निघालेल्या माणसाची बस चुकली तर गाडी मिळू शकते. शिरूरला रेल्वेच नाही. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावरच्या आतल्या गावांना, आणि दौंड तालुक्यातल्या रुळांपासून लांबच्या गावांनाही, फेरी रद्द म्हणजे दिवस रद्द. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. त्या मुलीची फेरी बुडाली तर महामंडळाचं तिकिटाचं नुकसान जवळपास शून्य दिसतं, कारण तिने तिकीट काढलेलंच नसतं. नुकसान तिच्या प्रॅक्टिकलचं होतं. मघाचं २० लिटरचं उत्तर जुनी गाडी नेमकी तिच्या रस्त्यावर पाठवतं. ते उत्तर कदाचित तरीही बरोबर ठरेल, पण तिची बाजू पारड्यात टाकल्यावर. आज ती पारड्यातच नाही.

रस्ट यांच्या पेपरने मला विचार करायची पद्धत दिली, ती मी सोडलेली नाही. सिनॉप्सिसमध्ये तीन बदल केले: अवस्थेत वय आणि अंतर दोन्ही घेतले, सगळ्या गाड्यांवर मिळून दरवर्षीची रोखीची मर्यादा घातली, आणि रद्द फेरीचा खर्च मार्गानुसार वेगळा धरला. गणित बरंच अवघड झालं, संगणक जास्त वेळ घेतो. गाइड म्हणाले, "आता प्रश्न तुझा झाला."

तेव्हा ज्युनियर मंडळी, पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. लेखकाने काय धरून चाललंय? ते त्याच्या गावात खरं होतं का? माझ्या गावात आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' आलं, तर लेखकाची चूक शोधत बसू नका. तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच आहे.