प्रेतकळेची रंगभूषा

रंगभूषेवर टीकालेख लिहिण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. नाटकाच्या परीक्षणात शेवटी 'रंगभूषा यथायोग्य' एवढे दोन शब्द टाकून आपण मोकळे होतो. परंतु काही कलाकृतींचा आशयच मुळी पात्राच्या चेहऱ्यावर चढवलेल्या रंगात साठवलेला असतो. अशा दोन चेहऱ्यांविषयी येथे लिहावयाचे आहे. पहिला, १९२५ सालच्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या अमेरिकन मूकपटातील लॉन चेनी याचा. दुसरा, इंगमार बर्गमन यांच्या १९५७ सालच्या 'द सेव्हन्थ सील' या स्वीडिश चित्रपटात साक्षात मृत्यूची भूमिका करणाऱ्या बेंग्ट एकेरोट याचा. या दोहोंत डावे-उजवे करताना आमच्या हातून वर्षानुवर्षे एक चूक होत आली. तिची कबुलीही ओघाने द्यावी लागेल.

जिवंत चेहऱ्यावर प्रेतकळा आणण्याचे तंत्र तसे साध्या नियमावर उभे आहे. गडद रंग मागे सरतो, फिका पुढे येतो. रंगभूषाकार आधी बोटांनी हाडे चाचपून पाहतो. मग गालाच्या हाडाखाली, कानशिलांवर, डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या दोन्ही अंगांस करडी-तपकिरी छटा भरतो. हाडाचा माथा, भुवईचा कंगोरा आणि हनुवटी यांवर फिका रंग देतो. छटेची वरची कड हाडालगत ठसठशीत ठेवायची आणि खालची त्वचेत विरवत न्यायची, यात खरे कसब. निव्वळ काळा रंग फासला की पात्र मेलेले न दिसता चुलीतून डोके काढल्यासारखे दिसते. हौशी नाटकांत हा प्रकार आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

चेनी आपली रंगभूषा स्वतःच करी, आणि या विषयातील त्याचा अधिकार एवढा की 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या चौदाव्या आवृत्तीत रंगभूषेवरील टिपण त्याच्याकडून लिहून घेण्यात आले. फँटमसाठी त्याने गालाची हाडे वर उचलली, नाकाचा शेंडा मागे ओढला, नाकपुड्या काळ्या रंगवून मोठ्या केल्या आणि डोळ्यांभोवती कवटीची खोबण उभी केली. त्या काळच्या बऱ्याचशा फिल्मवर तांबडा रंग काळा उमटत असे. त्यामुळे आरशात दिसणारा चेहरा आणि पडद्यावर उमटणारा चेहरा यांतला फरक मनाशी धरूनच रंगभूषाकाराला काम करावे लागे. स्टुडिओने हा चेहरा प्रदर्शनापूर्वी कोणास दाखवला नाही. ऑर्गन वाजवीत बसलेल्या फँटमचा मुखवटा नायिका पाठीमागून काढते, तेव्हा तो चेहरा तिच्याआधी प्रेक्षकास दिसतो. दिग्दर्शनाच्या दृष्टीने सबंध चित्रपटातील हीच एक खरी मोठी जागा. बाकी पटकथा शिथिल आहे.

एकेरोटचा मृत्यू अगदी उलट वाटेने येतो. त्याच्या चेहऱ्यावर काही वाढवलेले नाही, पुसलेलेच आहे. पांढराफटक रंग, केस आणि कान झाकणारे काळे वस्त्र, भुवयांचा मागमूस नाही. विदूषक आणि कवटी यांचे हे मिश्रण आहे, असे बर्गमन यांनीच लिहून ठेवले आहे. छटेचे काम ब्रशाऐवजी छायालेखक गुन्नार फिशर यांच्या प्रकाशाने केले आहे. हा मृत्यू बुद्धिबळ खेळतो, झाडावर चढलेल्या नटाचे झाड करवतीने कापतो, आणि एका प्रसंगी पापनिवेदनाच्या जाळीआड धर्मगुरू होऊन बसतो. सरदार अंतःकरण उघडे करतो, बोलता बोलता आपला डावही सांगून टाकतो, आणि मग जाळीपलीकडचा चेहरा त्याला दिसतो. जाळीच्या त्याच बाजूस बसण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हांस हा प्रसंग पाहताना दर वेळी आसन बदलून बसावेसे वाटते.

साहजिकच आमचा कौल एकेरोटकडे असे. चेनीचा चेहरा म्हणजे जत्रेतले भेडसावणे, एकदा दचकवून संपणारे, असे आम्ही व्याख्यानांतूनही सांगत आलो.

आमच्या मातोश्रींच्या अखेरच्या दोन रात्री आम्ही त्यांच्या उशाशी होतो. नाक धारदार झालेले, कानशिले आत गेलेली, कपाळाची कातडी ताणलेली, वर्ण हिरवट-करडा. इतरांच्या मृत्युशय्येपाशी आम्ही हे शेकडो वेळा पाहिले होते, पण तेथे नजर प्रार्थनेच्या पुस्तकावर असे. येथे पुस्तक मिटलेले होते. हिप्पोक्रेटिसने रोगनिदानावरील ग्रंथात आसन्नमरण माणसाच्या मुद्रेचे नेमके हेच वर्णन केले आहे, आणि वैद्यास बजावले आहे की निष्कर्ष काढण्याआधी रोग्याला जागरण, उपासमार अथवा अतिसार घडला आहे काय ते विचारावे. पहाटे प्राण गेले आणि थोड्याच वेळात तो ताण उतरला. स्नायू सैल पडले, आठ्या विरल्या. खोबणी तशाच राहिल्या, पण चेहरा निवला.

तेव्हा ध्यानात आले की रंगभूषाकार ज्याला मेलेला चेहरा म्हणून रंगवतो, तो मेलेल्याचा नसतोच. तो मरणाशी झगडणाऱ्याचा असतो. त्या साऱ्या छटा वेदनेच्या आहेत. मरण आल्यावर त्यांतल्या कित्येक पुसल्या जातात. एकेरोटचा गुळगुळीत पांढरा मृत्यू ही एक कल्पना आहे, आणि कल्पना म्हणून ती आजही थोर वाटते. परंतु देहाचे सत्य चेनीच्या ब्रशाला अधिक ठाऊक होते. दोनदा पुन्हा पाहिल्यावर त्याच्या फँटमची भीती आम्हांस वाटेनाशी झाली. त्याच्याकडे पाहवेनासे झाले, ते निराळ्या कारणाने.

चेनीचे आई-वडील दोघेही मूकबधिर होते. आई संधिवाताने अंथरुणास खिळली तेव्हा लहानग्या लॉनने शाळा सोडली. दिवसभरात गावात काय काय घडले, ते तो संध्याकाळी तिच्या खाटेपाशी उभा राहून चेहऱ्याने आणि हातांनी तिला सांगत असे.