नकार आणि निर्वाह

इंग्रजी कादंबरीतील स्वतंत्र बाण्याच्या नायिकांचे मोठेपण त्यांच्या नकारात शोधण्याचा प्रघात आहे. हे मत खोटे नाही; परंतु अपुरे आहे. नकार देणाऱ्या स्त्रीने पुढे जगावयाचे कशावर, या प्रश्नाला लेखिकेने दिलेले उत्तरही तपासावयास हवे.

'प्राइड अँड प्रेजुडिस'मधील (१८१३) एलिझाबेथ बेनेट कॉलिन्सला नाकारते, तेव्हा ती केवळ एका हास्यास्पद पुरुषाला नाकारीत नाही. वडिलांच्या पश्चात राहते घर त्याच्याकडेच जाणार असल्यामुळे आई व बहिणी यांचा आसराही ती पणाला लावते. तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट ल्यूकस त्याच कॉलिन्सला होकार देते. तो निर्णय एलिझाबेथला रुचत नाही. मात्र शार्लटचा व्यवहारी हिशेब तिला खोडून काढता येत नाही. अखेर डार्सीचे वार्षिक दहा हजार पौंडांचे उत्पन्न तिच्या बाणेदारपणाची किंमत परस्पर चुकती करते. सुखान्तिकेने केलेली ही सोय आहे.

'जेन एअर'मध्ये (१८४७) शार्लट ब्राँटे ही सोय नायिकेला सहजासहजी मिळू देत नाही. रॉचेस्टरची पत्नी हयात आहे हे कळताच जेन घर सोडते आणि उपाशीपोटी परक्यांच्या दाराशी कोसळते. पुढे चुलत्याचे वीस हजार पौंड तिला लाभतात, हा योगायोग खरा. पण त्या रकमेचे चार समान वाटे करून तीन आतेभावंडांना देणे ही तिची स्वतःची कृती आहे. ती रॉचेस्टरकडे परतते ती आश्रित म्हणून नव्हे. तथापि तत्कालीन कायद्याने, वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास, पत्नीचा पैसा विवाहानंतर पतीचा होई. ही स्थिती १८७० व १८८२ च्या कायद्यांनी पालटली. कादंबरी या मुद्द्यावर मौन पाळते.

जॉर्ज एलियट मौन पाळीत नाही. 'मिडलमार्च'मधील (१८७१-७२) डोरोथियाने लॅडिस्लॉशी विवाह केल्यास तिला आपली मिळकत मिळू नये, अशी तरतूद कॅसॉबन मृत्युपत्रात करून ठेवतो. ती मिळकत सोडून, स्वतःच्या सातशे पौंडांच्या वार्षिक उत्पन्नावर ती लॅडिस्लॉला वरते. येथे किंमत नकाराची नसून होकाराची आहे, आणि ती नायिका स्वतः मोजते. तिच्या विशाल आकांक्षा पुढे एका लोकप्रतिनिधीच्या संसारात विरून जातात, हेही एलियट लपवीत नाही.

नकाराने व्यक्तित्व प्रकट होते. त्याची कसोटी मात्र निर्वाहाच्या प्रश्नापाशी लागते. या कसोटीवर एलिझाबेथ अधिक लोभस, जेन अधिक तेजस्वी आणि डोरोथिया अधिक सत्य ठरते.