आवाजाचं प्रकरण वेगळं, पैशाचं वेगळं: पवनचक्कीच्या सिनॉप्सिसमधली एक चूक

पवनचक्क्यांवर पीएच.डी. करायला निघालेल्यांचा सिनॉप्सिस मी आता न उघडता सांगू शकतो. प्रकरण तिसरं आरोग्य, चौथं आर्थिक परिणाम, पाचवं कायदे व धोरण. माझ्याही पहिल्या मसुद्यात हेच होतं, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. पण वाशी, भूम, कळंब भागात फील्डवर्क करणार असाल, तर ही मांडणी फसवते. का, ते दोन गाजलेल्या कामांवरून बघू.

पहिलं, नीना पिअरपाँट यांचं 2009 चं ‘विंड टर्बाइन सिंड्रोम’. 10 कुटुंबं, 38 माणसं, मुलाखती फोनवर. तक्रारी डोकेदुखी, चक्कर, झोपमोड, कानात आवाज अशा. माणसं खोटं बोलत होती असं मी म्हणत नाही. गोची निवडीत आहे. ज्या घरात कुणाला तरी त्रास होतोय अशीच कुटुंबं घेतली. तितक्याच अंतरावर राहून काही न होणारा शेजारी नमुन्यात नाहीच. दवाखान्याच्या ओपीडीत बसून गावात ताप किती हे ठरवावं, तसं ते झालं. तुलना कशी उभी करतात हे पाहायचं तर साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा ठाकर, झांबरे आणि भोसले यांचा 2018 चा अभ्यास वाचा. विषय सरड्यांचा आहे, पण पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिलाय.

दुसरं काम हेल्थ कॅनडाचं. ऑन्टॅरिओ आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड इथले 1,238 प्रौढ. प्रत्येक घराबाहेरचा पवनचक्कीचा आवाज मोजणीच्या सूत्रानं काढला, तो जास्तीत जास्त 46 डेसिबल. काहींची झोप मनगटावरच्या यंत्रानं नोंदवली. आवाज आणि झोप, चक्कर, डोकेदुखी यांचा संबंध सापडला नाही. सापडला तो आवाज आणि वैताग यांचा: आवाज वाढला की वैतागलेल्यांचं प्रमाण वाढतं.

आपल्या लिटरेचर रिव्ह्यूत हा अभ्यास ‘आरोग्यावर परिणाम नाही’ एवढ्या ओळीत संपतो. माझा आक्षेप इथेच आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी उतरवत नाही. ज्या 110 जणांना पवनचक्कीतून वैयक्तिक लाभ मिळत होता, त्यांच्यात वैताग बराच कमी होता. म्हणजे कानावर पडणारा आवाज आणि खात्यावर येणारे पैसे ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत, हे आरोग्याच्या अभ्यासातच लिहिलेलं आहे!

आता हे धाराशिवला आणा. पहिली अडचण झोपेची. आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस अंगणात किंवा माळवदावर झोपतो. शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की दारं धरायला रात्रभर रानात असतो. कॅनडातला घरात झोपणाऱ्यांचा निष्कर्ष त्याला लावता येत नाही. मोजायचं तर माळवदावर आणि रानात मोजावं लागेल.

दुसरी अडचण नियमाची. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, आवाजाचा विचार करून राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत पवनचक्की नको. पण घर म्हणजे काय? शेतातली पत्र्याची वस्ती, जिची ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नोंद नाही, ती घरात धरायची का? ठरवणार कोण? 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, म्हणून त्या कायद्याखालची जनसुनावणीही होत नाही. हा प्रश्न जाहीरपणे विचारायची ती जागा मग उरत नाही. डेन्मार्कमध्ये अंतर पवनचक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट आहे, म्हणजे 200 मीटर उंचीला 800 मीटर, आणि शेजारच्या घराची किंमत घसरली तर भरपाईची तरतूद आहे. तिथे शेजारी कायद्याला दिसतो. इथे करार होतो तो ज्याच्या सातबाऱ्यावर टॉवर उभा राहतो त्याच्याशी. तारा गेल्या त्याचा हिशोब वेगळा. आणि ज्याच्या वाट्याला नुसता आवाज आणि पात्यांची सावली, त्याचा कुठेच नाही.

बांधाला बांध लागून असलेले दोघं. कानावर पडणारे डेसिबल तेच. एकाचा करार झालाय, दुसऱ्याचा नाही. मला वाटतं आपल्या जिल्ह्यातला खरा नमुना हा आहे. दोघांना एकाच प्रश्नावलीत झोपही विचारा आणि पैसाही, फक्त झोप आधी, आणि पवनचक्कीचं नाव न काढता. हेल्थ कॅनडानंही अभ्यासाच्या नावात पवनचक्की घातली नव्हती.

पैशाच्या प्रश्नाला मात्र जपून हात घाला. शेजारच्या बीड जिल्ह्यात 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचं आरोपपत्रात म्हटलंय. अशा वेळी अनोळखी पोरानं येऊन ‘करारात किती मिळाले?’ विचारलं, तर खरं उत्तर का मिळावं? आणि समजा मिळालं. गावाचं नाव आणि गट नंबर परिशिष्टात छापला, की उत्तर देणारा कोण हे गावात दोन मिनिटांत कळतं. माझ्या तक्त्यात आता गट नंबर नाही, फक्त टॉवरपासूनचं अंतर आहे, तेही 100 मीटरच्या टप्प्यात. आरआरसीत यावर प्रश्न येणार, हे मी धरूनच चाललोय.