घोडं कुठं पेंड खातं?

आजवर मी पुष्कळ प्रकारच्या वाङ्मयाची परीक्षणं केली. कविता वाचून केली, कादंबऱ्या चाळून केल्या आणि एका जाडजूड आत्मचरित्राचं तर नुसतं हातात तोलून केलं. ('या ग्रंथाला निश्चितच वजन आहे' हे माझं वाक्य लेखकानं दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलं.) पण एक वाङ्मयप्रकार माझ्याच काय, एकूण मराठी समीक्षेच्याच नजरेतून निसटला आहे. अजून बाजारात न आलेल्या मोटारीच्या इंजिनात किती घोड्यांची ताकद असेल, या विषयावरचे लेख. याला मी 'येणार-येणार वाङ्मय' म्हणतो.

या वाङ्मयाची दीक्षा मला मन्यानं दिली. मन्या म्हणजे माझा भाचा. स्वतः इंजिनिअर, दारात एक स्कूटर आणि तोंडात कायम सुपरकार. २०१८ साली त्याला कॉर्व्हेटनं झपाटलं. कॉर्व्हेट ही अमेरिकेतल्या शेव्हरोले कंपनीची दोन माणसांची गाडी. जन्म १९५३. सात पिढ्या तिचं इंजिन चारचौघींसारखं पुढं, बॉनेटखाली होतं. आठव्या पिढीत मात्र ते उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागं, मागच्या चाकांच्या अलीकडं ठेवणार, अशी कुणकुण लागली होती.

"मामा, पाचशे घोडे नक्की!" मन्या एका रविवारी आल्या आल्या म्हणाला.

पुढच्या रविवारी ते साडेसहाशे झाले. मग साडेआठशे. दिवाळीला फराळ करताना त्यानं चकली हातात धरून हजाराची घोषणा केली.

"तू पाहिलीस ती गाडी?" मी विचारलं.

"कुणीच नाही पाहिली."

"मग हे घोडे मोजले कुणी?"

"सूत्रांनी," मन्या म्हणाला.

बाजारात तुरी असताना भटानं भटणीला मारलं ते एकवेळ समजू शकतं. निदान तुरी बाजारात तरी होत्या. पण म्हटलं, आपण समीक्षक आहोत, न वाचता मत देणं बरं नव्हे. (म्हणजे या वयात तरी.) म्हणून मन्याकडून तसले पाच-पंचवीस लेख घेतले आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसलो.

या वाङ्मयाचा पहिला विशेष म्हणजे नायक शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाही. सगळं नाटक विंगेकडं बघत चालतं. दुसरा विशेष चित्रांचा. प्रत्येक लेखात काळ्यापांढऱ्या नक्षीत नखशिखान्त गुंडाळलेल्या गाडीचा एक फोटो असतो, तोही झाडाआडून काढलेला. अंतरपाटाआडच्या नवरीचं एक नख दिसावं आणि त्यावरून वऱ्हाड्यांनी तिचं पदवी परीक्षेतलं वर्गवारीचं गणित मांडावं, तशी त्याखाली चर्चा असते. हवा आत घ्यायची फट एवढी मोठी आहे, अर्थी टर्बो असणार. टर्बो असणार, अर्थी सहाशेच्या वर असणार. तिसरा विशेष भाषेचा. 'असल्याचे समजते', 'नाकारता येत नाही', 'असे झाल्यास आश्चर्य वाटू नये.' घाट शास्त्राचा आणि शैली राशिभविष्याची. 'धनलाभ संभवतो' यातल्या 'संभवतो'वर आमच्या आळीतल्या ज्योतिषीबुवांनी तीन मुलींची लग्नं केली. तोच 'संभवतो' इथं आठ सिलिंडरांवर धावतो.

आता कबूल करायला हरकत नाही, मला ते सगळं आवडायला लागलं. रविवारी मन्याला उशीर झाला की मी गॅलरीत येरझारा घालू लागलो. वाट पाहायला लावणं ही कुठल्याही वाङ्मयाची मोठीच शक्ती आहे, आणि ती काही मान्यवर कादंबऱ्यांत मला आढळलेली नाही.

पण समीक्षकाचा स्वभाव वाईट. मला शंका आली की, हा घोडा म्हणजे नक्की किती? चौकशी केली. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रं खपवायची होती. गिऱ्हाईक विचारणार, माझ्या किती घोड्यांचं काम हे यंत्र करेल? म्हणून त्यानं हिशेब बसवला : तेहतीस हजार पौंडांचं ओझं एका मिनिटात एक फूट उचलणं म्हणजे एक घोडा. थोडक्यात, हे माप मुळातच विक्रेत्याच्या पोटी जन्मलं. किलोत सांगायचं, तर माझ्यासारखा पाऊण क्विंटलचा गृहस्थ दर सेकंदाला एक मीटर वर उचलायला साधारण एक घोडा लागतो. आमच्या गावाकडं विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि तेवढ्यावर ऊस भिजतो. म्हणजे मन्याच्या दिवाळीच्या गाडीत दोनशे विहिरी झाल्या.

बरं, हा घोडा एका जागी उभा राहील तर शपथ. १९७१ सालच्या कॉर्व्हेटच्या साध्या इंजिनाची ताकद कंपनी २७० घोडे सांगत होती. १९७२ साली ती २०० झाली. एका वर्षात सत्तर घोडे दगावले? अमेरिकेत घोड्यांवर काही साथ आली होती? मुळीच नाही. फक्त मोजायची पद्धत बदलली. पूर्वी इंजिन उघडंवाघडं काढून, गाडीतलं सायलेन्सरबियलेन्सरचं लोढणं गळ्यात न बांधता मोजत. आता सगळ्या लटांबरासकट मोजू लागले. तुम्हाआम्हाला हे नवीन नाही. पगार किती, हा एक आकडा. प्रॉव्हिडंट फंड, विमा आणि सोसायटीचा हप्ता कापून हातात किती, हा दुसरा. माणूस तोच, खुर्ची तीच.

याच्या उलटही झालेलं आहे. १९६७ साली कॉर्व्हेटला 'एल-८८' नावाचं शर्यतीचं इंजिन मिळत होतं. कंपनीनं कागदावर त्याचे ४३० घोडे लिहिले. प्रत्यक्षात ते पाचशेच्या बरेच पुढं होते. शेजारीच दुसरं इंजिन ४३५चं ठेवलेलं, म्हणजे हौशी गिऱ्हाईकानं मोठा आकडा बघून ते घ्यावं आणि या शर्यतीच्या घोड्याच्या वाटेला जाऊ नये. आयकर अधिकाऱ्यासमोर बसलेला व्यापारी आपलं उत्पन्न सांगतो, त्याच विनयानं हा आकडा सांगितला होता.

हे सगळं मी मन्याला ऐकवलं, तेव्हा तो जरा गंभीर झाला. त्याचं कारण वेगळं होतं. त्या वर्षी त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. येणारा प्रत्येक माणूस पहिल्या चहाबरोबर विचारी, "पॅकेज किती?" आकडा ऐकून झाला की बिस्किट उचली. मन्या दिवसभर काय करतो, कुठं बसतो, त्याला गिअरबॉक्सबद्दल बोलताना रडू का येतं, हे कुणी विचारत नसे. "मामा, मी म्हणजे नुसता आकडा आहे का हो?" असं तो एकदा मला म्हणालाही होता. आणि तोच मन्या दर रविवारी येऊन एका न जन्मलेल्या गाडीचं पॅकेज विचारत होता!

अखेर १८ जुलै २०१९ला, कॅलिफोर्नियातल्या टस्टिन इथं, अंतरपाट दूर झाला. गंगेत घोडं न्हालं. घोडे निघाले ४९०. जास्तीचे पैसे भरून वेगळा एक्झॉस्ट घेतला तर ४९५.

मन्या त्या रविवारी आला तो सुतकी चेहऱ्यानं. "पाच कमी पडले हो, मामा."

"पाच म्हणजे एक विहीर," मी सांत्वन केलं.

"आणि गेल्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या मॉडेलला ७५५ होते! इंजिन पुढं असून! मग हा सगळा उपद्व्याप केला कशाला?"

इतका वेळ दळण निवडत बसलेली आमची सौ. मान वर न करता म्हणाली, "मी तेच विचारणार होते. ते इंजिन पुढनं मधे का आणलं, ते तुमच्या त्या पंचवीस लेखांत कुणी लिहिलंय का?"

मी माझी पेन्सिलीची टिपणं उलटून पाहिली. खरोखरच, एखाददुसरं वाक्य सोडलं तर सगळी पानं घोड्यांच्या संख्येनं भरलेली होती.

"दळणाचा डबा तुम्ही स्कूटरला मागं बांधत होतात, तेव्हा वळणावर स्कूटर कशी डुलायची?" ती मला म्हणाली. "मग पायाशी ठेवायला लागलात, तेव्हा कुठं सरळ घरी यायला लागलात. डबा तोच, पीठ तेवढंच."

मन्या तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं कागद ओढला आणि माझ्या टिपणांच्या पाठीवर दोन आकडे लिहिले. शून्यापासून ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, वेग गाठायला लागणारा वेळ. कंपनीच्याच सांगण्यानुसार ७५५ घोड्यांच्या जुन्या गाडीला २.८५ सेकंद. आणि ४९५ घोड्यांच्या नव्या गाडीला, योग्य त्या साजासह, २.९ सेकंद. दोनशे साठ घोडे कमी, आणि फरक पाव सेकंदाचासुद्धा नाही. सेकंदाच्या विसाव्या भागाचा!

कारण असं की गाडी सुटते तेव्हा सगळा भार मागं रेलतो, आणि कॉर्व्हेटला ओढ देतात ती मागचीच चाकं. इंजिनाचं वजन त्यांच्याजवळ असलं की टायर रस्ता धरून ठेवतो. इंजिन पुढं असलं की बिचारे घोडे जागच्या जागी टाचा घासतात. नव्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सचाही यात वाटा आहे, असं मन्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. गहिवरून सांगितलं, कारण गिअरबॉक्सचा विषय होता.

येणार-येणार वाङ्मयावरचा माझा मुख्य आक्षेप तो हाच. अंदाज चुकतात, हा नव्हे. अंदाज चुकायचेच. पण हे वाङ्मय 'घोडे किती' एवढंच विचारत राहतं आणि 'घोडं कुठं' हे विचारत नाही. गोष्ट सगळी त्या 'कुठं'मध्ये असते.

आणि गोष्ट खरोखरच होती. तिचा नायक झोरा आर्कस-डंटॉव्ह. जन्म १९०९चा, ब्रसेल्समधला, आईवडील रशियन. १९५३ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यानं पहिली कॉर्व्हेट पाहिली. रूप देखणं, पण आत सहा सिलिंडर आणि अवघे दीडशे घोडे. गृहस्थानं कंपनीला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी तिथं इंजिनिअर म्हणून रुजू झाला. घोडे वाढवायचं काम त्यानं केलंच. पण त्याचं मन अडकलं होतं जागेत. १९६० साली त्यानं इंजिन मधे असलेली एकआसनी प्रायोगिक गाडी करून दाखवली. पुढं तशा आणखी झाल्या. कंपनी त्या प्रदर्शनात मांडी, लोक टाळ्या वाजवत, आणि विकायची गाडी पुन्हा पुढच्याच इंजिनाची निघे. पुढच्या इंजिनाची गाडी झकास खपत होती. खपणाऱ्या मालाचं बूड कोण हलवणार? १९७५ साली तो निवृत्त झाला. १९९६ साली वारला. त्याची गाडी रस्त्यावर यायला अजून तेवीस वर्षं होती.

साठ वर्षं कॉर्व्हेटचं घोडं पेंड खात होतं ते या जागेपाशी. संख्या कधीच कमी नव्हती. पण माझ्या पंचवीस लेखांत झोराचं नाव सापडतं ते एवढ्यासाठी, की सर्वांत वरच्या मॉडेलला ते नाव देतील का आणि दिलं तर त्याला किती घोडे असतील!

समीक्षकानं आपली चूकही सांगावी. मी ज्या हजाराला हसलो, तो अंदाज कंजूष ठरला. २०२१ साली त्याच गाडीचं ६७० घोड्यांचं मॉडेल जाहीर झालं, २०२४ साली १,०६४चं आणि २०२५ साली १,२५०चं. या शेवटच्या आकड्यातले १,०६४ पाठीमागच्या इंजिनाचे. उरलेले १८६ पुढच्या चाकांना लावलेल्या विजेच्या मोटरचे. म्हणजे पुन्हा प्रश्न 'कुठं' हाच. मन्याला हे आता सांगावं लागत नाही. त्याचं लग्नही झालं. मुलीनं पॅकेज न विचारता "तुम्ही दिवसभर काय करता?" असं विचारलं आणि त्यानं तास-दीड तास गिअरबॉक्सवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. यापुढं पत्रिका बघायची गरज उरली नाही.

झोराच्या अस्थी केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन गावी, कॉर्व्हेटच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. तिथून जवळच कॉर्व्हेटचा कारखाना आहे. २०२० सालापासून त्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक कॉर्व्हेटचं इंजिन मधे असतं. त्यातल्या कुठल्या गाडीत किती घोडे आहेत, हे म्हाताऱ्यानं फारसं मनावर घेतलं नसतं, असं मला वाटतं.

हा लेख संपवून मी सुस्कारा सोडला आणि मन्याला वाचून दाखवायला हाक मारणार, एवढ्यात आतून आवाज आला, "अहो, लिहून झालं असेल तर सांगा, सकाळी नेलेलं दळण कुठं आहे?"