त्यांच्या पश्चात

आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. वय ८१, अल्पशा आजाराने निधन, पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार. सातवीतल्या चुलतबहिणीने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "दादा, यात आजी कुठंय?"

मजकूर मीच लिहून दिला होता. आजीने तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले, हे लिहायचं मला सुचलंही नव्हतं. आपल्या निधनवार्तेचा साचाच तसा आहे. मागे कोण उरलं ते नीट कळतं, गेलं ते माणूस मात्र सापडत नाही.

शाळेत बातमी लिहायला शिकवतात, जाहिरातही शिकवतात. मृत्युलेख मात्र अशुभ म्हणून वगळला जातो. खरं तर चांगल्या मृत्युलेखात मरणाला एखादं वाक्य मिळतं, बाकी सगळं जगण्याबद्दल असतं.

मुलांना शिकवायचं तर सुरुवात टिळकांपासून करावी. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, टिळकांचे मित्र. पुढे समाजसुधारणेवरून दोघांचं इतकं बिनसलं, की आगरकरांनी १८८८मध्ये 'सुधारक' हे वेगळं पत्र काढलं. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर टिळकांनीच लिहिलं. तो लेख मुलांच्या हाती द्यावा आणि विचारावं: कौतुक कुठे आहे? मतभेद झाकलेत, की आदराच्या शेजारी तसेच ठेवलेत? ट्रोलिंग बघत वाढणाऱ्या मुलांना विरोधकाबद्दल कसं लिहावं, हे यातून जास्त कळेल.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा: कोणावर लिहिलंच गेलं नाही? 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८मध्ये कबूल केलं, की १८५१पासूनचे त्यांचे मृत्युलेख बहुतांशी गोऱ्या पुरुषांचेच होते. मग 'ओव्हरलुक्ड' ही मालिका सुरू झाली. १९६९मध्ये गेलेली मधुबाला आणि १९२२मध्ये गेलेल्या पंडिता रमाबाई, दोघींवरचे लेख २०१८मध्ये आले. रमाबाईंना ९६ वर्षं थांबावं लागलं.

आपल्या आज्यांसाठी अशी मालिका कोणी काढणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल. उद्याच्या पेपरातली एक निधनवार्ता घ्या आणि घरातल्या मुलाला विचारा, या माणसाबद्दल आणखी काय कळायला हवं होतं?

बहिणीने त्या चार ओळी वहीत पुन्हा लिहिल्या. पहिलं वाक्य असं: 'आजी टेप न लावता, नुसतं बघून ब्लाउजचं माप सांगायची.' पश्चात कोण, ते तिने शेवटी लिहिलं. त्या यादीत शिलाई मशीनही होतं.